हॉप्स आणि बोंबील

परवा सकाळी बिल्डिंगच्या काचेच्या दाराबाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढरा झाला. गाडी दिसेना, पायरी दिसेना. आतल्या एसीतून बाहेरच्या दमट हवेत आलं की काचांवर अशी वाफ धरते. मी तसाच आंधळ्यासारखा उभा राहिलो आणि मोठ्यांदा म्हणालो, "आली बया!" मागून येणारा केरळी शेजारी दचकला. त्याला वाटलं असणार, हा माणूस सकाळी सकाळी बायकोबद्दल बोलतोय.

आली ती रुतूबा. उन्हाळाभर कुवेतची हवा भट्टीतल्यासारखी कोरडी असते, धुतलेला टॉवेल पंधरा मिनिटांत पापड होतो. ऑगस्ट सरता सरता समुद्रावरून दमट हवा येऊन शहरावर बसते, तिला इथे रुतूबा म्हणतात. मग तोच टॉवेल दोन दिवस कुबट राहतो. रस्त्याकडेच्या खजुरांचे घड पिवळ्याचे तांबूस होतात, त्यांना जाळ्या बांधलेल्या दिसतात. अबू हलीफाचा समुद्र ताटातल्या आमटीसारखा पडून असतो. आणि हवेला हलायचाच कंटाळा आल्यामुळे वास जागच्या जागी उभे राहतात. लिफ्टमध्ये शिरलं की आधी कोण वर गेलं ते कळतं.

लोक ह्या दिवसांना शिव्या घालतात. मी नाही घालत. मला ह्याच दिवसांत माझ्या आयुष्यातला एक उत्तम वास मिळाला, आणि ह्याच दिवसांत माझी अशी फजिती झाली की समोरच्या फ्लॅटमधल्या रझियाभाभी त्यानंतर चार वर्षं आमच्या घरी पाणी प्यायल्या नाहीत. यायच्या, दारात उभ्या राहून बोलायच्या, सणाला डबा पाठवायच्या. पाणी मात्र नाही. "आत्ताच प्यायले" म्हणायच्या.

माझं नाक चांगलं आहे, हे मी लाजत लाजत वगैरे सांगणार नाही. आहे तर आहे. दूध नासायच्या आदल्या दिवशी मला कळतं. नोकरी अहमदीला, तेल कंपनीत. दाबाखाली चालणाऱ्या टाक्या, नळ, व्हॉल्व तपासायचे आणि ठीक असतील तर तसं सही करून द्यायचं. चोवीस वर्षांत माझ्या सहीखालची एक टाकी फुटलेली नाही. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी एकच सांगतो, काट्यावर विश्वास ठेवा, स्वतःवर नको. मापकाचा काटा शून्यावर आला, बोटाने टिचकी मारली, तरी शून्यावरच राहिला, की मगच झाकणाला हात. हे वाक्य माझ्या तोंडी इतकं बसलंय की मेधा, माझी बायको, कुकर उघडताना माझ्या आवाजात ते म्हणून दाखवते.

अहमदीत एक जुनी रीत आहे. तिथल्या कंपनीच्या बैठ्या घरांत पिढ्यान् पिढ्या परदेशी माणसं राहून गेली. कायमचं जाताना कुणी सगळं सामान नेत नाही. कुंड्या ह्याला, शिडी त्याला, मांजर तिसऱ्याला, असं वाटून माणूस विमानतळावर जातो. माझा इंग्रज सहकारी ग्रॅहम निघाला तेव्हा त्याने मला बोगनवेल दिली आणि गॅरेजमधलं चादरीखाली झाकलेलं एक स्टीलचं पिंप दिलं. वर पक्कं बसणारं झाकण, झाकणावर छोटा मापक आणि एक फिरकीचा व्हॉल्व. "तू दाबाचा माणूस आहेस. हे तुझ्याकडेच शोभेल," म्हणाला. ते पिंप त्यालाही असंच कुणी दिलं होतं, त्याच्या आधीच्याला आणखी कुणी.

त्यात बिअर आंबवायची असते, हे सांगायला नको. आणि इथे दारू करणं, पिणं, जवळ ठेवणं, सगळं कायद्याने बंद आहे, हेही सांगायला नको. सापडलं तर नोकरी जाते, इकामा म्हणजे राहण्याचा परवाना जातो, आणि माणूस घरच्यांसकट विमानात बसतो. मला हे सगळं ठाऊक होतं आणि तरी मी दोन वर्षं ते केलं. समर्थन करत नाही. पण खोटं कशाला बोलू, मला पिण्यात फारसा रस नव्हताच. अर्धा ग्लास झाला की मी घोरायला लागतो. मला वास हवा होता.

हॉप्स नावाच्या वेलीची फुलं असतात. वाळवून, दाबून त्यांच्या हिरव्या गोळ्या करतात, जनावरांच्या खुराकासारख्या दिसतात. बिअरला कडूपणा आणायला त्या उकळतात. पण खरी गंमत उकळण्यात नाही. आंबवण संपत आलं की मोड आणलेल्या सातूच्या, म्हणजे माल्टच्या, थंड रसातच त्या कोरड्या गोळ्या टाकायच्या आणि तीन-चार दिवस गप्प बसायचं. विस्तव नाही, वाफ नाही, म्हणून वास उडून जात नाही. मेधाने विचारलं, "म्हणजे काय?" मी म्हटलं, "वरून फोडणी. फक्त थंड." तिला लगेच कळलं. आमटी उतरवल्यावर वरून कोथिंबीर घालतो ती काय शिजायला घालतो? ग्रॅहमने पिंपासोबत दिलेल्या पुडीतून पहिल्यांदा वास आला तो मी विसरायचो नाही. संत्र्याची साल, कैरीचा चीक, आणि मागे कुठेतरी पावसाळ्यातला कापलेला ओला चारा. मी वाळवंटात, कामवालीसाठी बांधलेल्या आणि आमच्याकडे अडगळीला वापरलेल्या खोलीत उभा होतो, आणि सांगलीजवळच्या आमच्या मळ्यात चाऱ्याच्या भाऱ्यावर आडवा झालो होतो.

झाकण न उघडता गोळ्या आत टाकायची ग्रॅहमची युक्ती तर मला इतकी आवडली की मी ती ऑफिसात बोलून दाखवण्यापासून स्वतःला मोठ्या कष्टाने आवरलं. गोळ्यांची पुरचुंडी झाकणाच्या आतल्या बाजूला, तिच्यात एक लोहचुंबक. झाकणाच्या बाहेरून दुसरा लोहचुंबक. दोघं एकमेकांना धरून राहतात. दिवस भरले की बाहेरचा काढून घ्यायचा, आतली पुरचुंडी टुपकन पडते. आमच्या फ्रिजवरचा गणपती त्या कामाला होता. मेधाला ते कळलं तेव्हा तिने गणपती परत फ्रिजवर लावला आणि मला ताजमहाल दिला.

आणि दाबाचा फायदा असा की दाबाखाली खमीर गुमान काम करतं. एरवी आमच्या खोलीसारख्या गरम जागेत ते भलभलते वास सोडतं. दाब असला की नाही सोडत. दाबाखाली माणसंही शहाण्यासारखी वागतात, असं माझं तेव्हा मत होतं.

समोर रझियाभाभी आणि इब्राहिमभाई. दापोलीकडच्या किनाऱ्यावरचे. इब्राहिमभाई शर्कमधल्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळतात, पाच वेळा नमाज, आवाज कधी चढलेला ऐकला नाही. भाभींचा आवाज मात्र बारीक असा नव्हताच कधी. आमच्या किल्ल्या त्यांच्याकडे, त्यांच्या आमच्याकडे. ईदला त्यांच्याकडून सांदणं, दिवाळीला आमच्याकडून चकल्या. त्या मला भावजी म्हणतात. आमची सई पाचवीत असल्यापासून शाळेतून आली की मेधा बँकेतून येईपर्यंत त्यांच्याकडे असायची. संध्याकाळी तिला सोडायला आल्या की आमच्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसायच्या, पाणी मागायच्या, आणि ते बसून, तीन घोटांत, मध्ये थांबत प्यायच्या. पाणी उभ्याने पिऊ नये, सईला सांगायच्या. सई अजून तसंच पिते.

आता माझ्या हातून झालेली एक चहाडी सांगतो, म्हणजे पुढचं नीट समजेल.

भाभींची आई दर मे महिन्यात कुणाच्या तरी बॅगेतून सुके बोंबील पाठवायची. जुन्या लुगड्यात शिवलेले, वर तीन प्लास्टिक. त्या ते विस्तवावर भाजायच्या, कांदा, मिरची, कोकम घालून कालवायच्या. मी मटण खातो, ताजा मासा खातो. सुका मासा मात्र चार हात लांब. सई अकरावीत असतानाच्या रुतूबात तो वास आमच्या मजल्यावर जो उभा राहिला तो आठ दिवस हलला नाही. इतकं चांगलं नाक घेऊन जन्माला आलेल्या माणसाने करायचं काय? मी खाली गेलो. अबू मुस्तफा, आमचा हारिस, म्हणजे बिल्डिंगचा राखणदार, इजिप्तचा माणूस, दारात चहा पीत बसला होता. मी माझ्या मोडक्या अरबीत म्हटलं, "समक. रीहा. मुश्किला." मासे, वास, भानगड. वर बोट दाखवलं, मग तेच बोट ओठांवर ठेवलं. माझं नाव नको. त्याने मान हलवली. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये मालकाचा कागद लागला, सुके मासे भाजू नयेत. भाभींकडचा तो वास बंद झाला. त्यांच्या वागण्यात काही फरक पडला नाही. तीच ईद, तीच सांदणं, तोच खणखणीत आवाज. काटा शून्यावर.

आणि मी? मी त्या स्वच्छ, बिनवासाच्या मजल्यावर बंद दाराआड हॉप्स हुंगत होतो. कमाल असते माणसाची. स्वतःचा तो सुगंध आणि शेजारणीचा तो वास.

पुढच्या रुतूबातला शुक्रवार. सईचं बारावीचं वर्ष, मेधा तिला घेऊन मंगफला क्लासला गेलेली. बिल्डिंगमधले बहुतेक पुरुष जुम्म्याच्या नमाजाला. पिंपातली खेप जमली होती. ताजमहाल चार दिवसांपूर्वीच काढला होता, पुरचुंडी पडली होती. मी नळीतून घोटभर काढून हुंगली. छान होती. पण छान म्हणजे पुरेशी नाही. मला कैरी हवी होती, नुसती संत्री येत होती. हाव सुटली. चहाच्या डब्यात पुण्याहून आणलेल्या गोळ्या होत्या. आणखी एक फोडणी देऊ, म्हटलं.

त्यासाठी झाकण उघडायला हवं. मी काही अडाणी नाही. व्हॉल्व हळूहळू सोडला, अर्धा तास दिला. फुस्स बंद झालं. काटा शून्यावर आला. टिचकी मारली. शून्यच. झाकण काढलं, काही झालं नाही. मी स्वतःशीच हसलो आणि मूठभर गोळ्या आत सोडल्या.

तीन सेकंद शांतता.

मग पिंप उठलं, असंच म्हणतो. हिरवट फेसाचा खांब थेट छतापर्यंत गेला, तिथून पसरून खाली आला, माझ्या डोक्यावर, इस्त्रीच्या कपड्यांवर, सईच्या अकरावीच्या पुस्तकांवर. मी ओरडलो, मागे सरकलो, झाकण फरशीवर घणघणत गेलं. पिंप आडवं झालं. अडगळीच्या त्या खोलीचा उंबरा बोटभर, आणि तिला लागून घराचं मुख्य दार. बिअर दाराखालून बाहेर, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेत निघाली.

नंतर मेधाने विचारलं, "मसाला सोडा प्यायलास ना लहानपणी? सोड्यात मसाला टाकला की गाडीवाला ग्लास लगेच लांब का धरतो?" झालं ते एवढंच होतं. दाब वरच्या रिकाम्या जागेतला गेला होता. रसात विरघळलेला वायू होता तिथेच होता, नुसता वाट बघत. काटा खरं बोलत होता, मीच त्याला अर्धा प्रश्न विचारला होता. वीस वर्षं दाबाच्या टाक्या तपासणारा माणूस, आणि त्याला हे गाडीवर सोडा विकणाऱ्याने शिकवावं!

किल्ली फिरल्याचा आवाज आला. रझियाभाभी. आवाज ऐकून त्यांना वाटलं गीझर फुटला, म्हणून आमची किल्ली घेऊन धावत आल्या होत्या. दारात थांबल्या. पायाशी ओहोळ, समोर फेसाने माखलेला मी. ओढणी नाकाला गेली. वास लपण्यासारखा नव्हता. नुसता हॉप्सचा असता तर मी काढा म्हणून खपवला असता. पण आंबूस, खमिराचा, ज्याला लहान मूलही ओळखेल असा वास त्या दमट हवेत उभा होता.

त्यांनी घड्याळाकडे बघितलं. नमाज सुटायला वीस मिनिटं होती. मग लिफ्टमधून सगळा मजला उतरणार, त्यात इब्राहिमभाई, मागून अबू मुस्तफा.

"भाभी..." मी सुरुवात केली.

"बोलू नका. पुसा," त्या म्हणाल्या. घरातून बादली, फिनेल आणून लांबूनच सरकवली. "मी ह्याला हात लावणार नाय. बाहेरचं आधी पुसा, आतलं मागनं."

आणि स्वतःच्या घरात गेल्या. मी गुडघ्यांवर बसून पुसत होतो. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. नोकरीचं काही नाही, माझ्यासारख्याला कुठेही नोकरी मिळेल. पण सईचं बारावीचं वर्ष, मधूनच शाळेतून काढून, कुठल्या गावात, कुठल्या बोर्डात बसवणार होतो मी तिला? फिनेलने वास जात नव्हता, दोन्ही मिळून तिसराच येत होता.

मग आला तो वास.

मान वर केली. भाभींचं दार सताड उघडं, समोर स्वयंपाकघर, गॅसच्या जाळावर जाळी, जाळीवर बोंबील. चार-दोन नव्हेत, सगळे. वर्षभर न भाजलेले, शिवलेल्या फडक्यातून काढलेले सगळे बोंबील त्या एकदम भाजत होत्या आणि सुपाने वारा घालून धूर बाहेर ढकलत होत्या. दहा मिनिटांत मजल्यावर दुसऱ्या कुठल्या वासाला जागाच राहिली नाही. बिअर गेली, फिनेल गेलं, माझं नाकही गेलं.

लिफ्ट उघडली. पांढऱ्या कपड्यांतली माणसं बाहेर आली आणि नाकं धरून सैरावैरा आपापल्या दारांकडे गेली. एक बाई भाभींना सुनावून गेल्या, शुक्रवारचं तरी. अबू मुस्तफा वर आला आणि त्यांच्या दारात उभा राहून हातवारे करत ओरडला. मालकाचा कागद, मागची ताकीद, सगळं काढलं. भाभी मान खाली घालून ऐकत होत्या. "सॉरी बाबा, सॉरी," एवढंच. इतक्या वर्षांत मी त्यांना मान खाली घातलेलं पाहिलं नव्हतं. मी माझ्या दारात हातात ओलं फडकं घेऊन उभा होतो. अबू मुस्तफाने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला, म्हणजे बघ, तुझंच काम करतोय.

इब्राहिमभाई सगळ्यात शेवटी आले. बायकोकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, माझ्या केसांकडे जरा जास्त वेळ बघितलं. सलाम केला आणि आत गेले. त्यांना काय कळलं ते त्यांनी मला आजपर्यंत कळू दिलेलं नाही.

मेधा आणि सई परतल्या तेव्हा मी चौथ्यांदा अंघोळ करत होतो. मेधा रडली, मग चिडली, मग परत रडली. सई छताकडे बघून एवढंच म्हणाली, "बाबा, यू आर अनबिलीव्हेबल," आणि स्वतःची पुस्तकं गॅलरीत वाळत घातली.

संध्याकाळी मी समोर गेलो. आभार तर मानायचेच होते, पण दुसरंही सांगायचं होतं. ते सांगितल्याशिवाय मला झोप आली नसती.

"भाभी, मागच्या वर्षी हारिसकडे तक्रार केली, ती मी."

"माहीत्ये मला."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. अबू मुस्तफाने येऊन सांगितलंन. म्हणाला, तुझा हिंदी शेजारी, समोरचा."

वर्षभर. ईद, दिवाळी, सांदणं, किल्ल्या. वर काही नाही, आत सगळं विरघळलेलं.

"मग आज कशाला केलंत?"

"तुमच्यासाठी नाय केलं ओ," भाभी म्हणाल्या. "पोरीची बारावी आहे. तिला मी पाचवीपासनं जेवायला वाढलंय. तिचं वर्ष तुमच्या त्या पिंपात बुडायचं होतं काय?" मग जरा थांबून, "परत करू नका. माझे बोंबील संपले."

मेधाने मागून येऊन त्यांना घरात बोलावलं, निदान पाणी तरी प्या म्हणाली. भाभींनी आमच्या दारातून आत बघितलं. त्यांचा तो कडक चेहरा एवढासा झाला. "नको गो, आत्ताच प्यायले," म्हणाल्या. राग असता तर मी समजूत काढली असती. समजूत काढण्यात मी वाईट नाही. पण ह्या घरातल्या कुठल्या भांड्यात काय ओतलं गेलं असेल, हे त्यांना आता ठाऊक नव्हतं. ते कसं पुसायचं?

दुसऱ्या दिवशी पिंपाचे करवतीने दोन तुकडे केले आणि भंगारात दिले. ग्रॅहमच्या आधीपासून चालत आलेली साखळी माझ्यापाशी तुटली. वाईट वाटलं, पण हात थांबला नाही. मेधाने घरातले सगळे ग्लास, सगळी पातेली बदलली. नवी भांडी आणली ती भाभींना दाखवली. "छान आहेत," म्हणाल्या, आणि दारातूनच गेल्या. सई बारावी झाली, चांगली झाली. पुण्याला शिकायला निघाली तेव्हा भाभी विमानतळावर आल्या आणि मेधापेक्षा जास्त रडल्या. पाणी मात्र नाही प्यायल्या.

हॉप्सचा डबा टाकवला नाही. चहाच्या डब्यात हिरवा वास तसाच होता. मग मी एक नवी बाटली आणली, घरी सोडा करायची. त्यात खमीर नाही, माल्ट नाही, आंबवण्याचं नाव नाही. थंड पाणी, चार गोळ्या, रात्रभर फ्रिज, सकाळी गाळून त्यात वायू. वरून फोडणी तीच, फक्त आमटी साध्या पाण्याची. कधी कोकमाचं आगळ घालतो. माझं ठाम मत आहे की बिअरपेक्षा हे चांगलं लागतं. रमजानमध्ये बाटली घेऊन समोर गेलो होतो. इब्राहिमभाईंनी मनापासून वास घेतला, "वा" म्हणाले, आणि बाटली दारातल्या टेबलावर ठेवली. तिसऱ्या दिवशीही ती तिथेच होती.

तर आता परवा रुतूबा आली, आणि काल संध्याकाळी बेल वाजली. अबू मुस्तफा. म्हातारा झालाय, गुडघे धरून चढतो. मजल्यावर शेवटच्या फ्लॅटात नवं कुटुंब आलंय, त्यांनी तक्रार केली. समक. रीहा. मला सकाळपासून वास येत होता. ओळखीचा. भाभींची आई गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून फडक्यात शिवून पाठवणारं कुणी नव्हतं. ह्या वर्षी भाचा घेऊन आला असणार. कितीतरी दिवसांनी भाजले असणार बाईंनी, दार लावून, चोरून.

"मीन?" अबू मुस्तफाने विचारलं. कोण?

मी छातीवर हात ठेवला. "अना."

"इन्ता?" तू? त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. ओठांवर बोट ठेवून चहाडी करणारा माणूस तो विसरला नव्हता. नाक पुढे करून त्याने आमच्या घरात हुंगलं. आमच्याकडे हॉप्सचा वास, कैरी आणि संत्री. तो हसला. खोटं बोलतोस, असं ते हसणं होतं. खालच्या मजल्यावरचा नळ बघून येतो आणि मग तुझं स्वयंपाकघर बघतो, असं हातवाऱ्यांनी सांगून तो उतरायला लागला. त्याच्या गुडघ्यांचा हिशेब धरला तर माझ्याकडे दहा मिनिटं होती.

मी समोरची बेल दाबली. "भाभी, चार बोंबील द्या. पटकन. हारिस आमचं स्वयंपाकघर बघायला येतोय. वास आमचा, असं मी त्याला सांगितलंय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दारामागून सगळं ऐकलं होतं, हे तोंडावर दिसत होतं. "तुम्हाला भाजायला येतात?"

"नाही."

"मग मी काय दिले नि तुम्ही काय केलेत." आत गेल्या, कागदात बोंबील घेऊन आल्या, मला हाताने बाजूला सारलं. "सरका. तुमचा तवा कुठाय?"

मेधा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने तवा पुढे केला. भाभींनी तो उलटासुलटा बघितला, गॅसवर ठेवला. धूर झाला. मी खिडकी उघडायला गेलो तर ओरडल्या, "उघडू नका, मग वास कशाला केला?" अबू मुस्तफा आला, दारातूनच खोकला, हात झटकून मला चार शब्द सुनावले आणि गेला. मी मान खाली घालून ऐकले. सॉरी बाबा, सॉरी.

मागे वळलो तर भाभी ओट्याशी उभ्या राहून भाकरीच्या तुकड्यावर वाटलेली मिरची आणि बोंबील ठेवून मेधाला भरवत होत्या. मग मला दिला. मी खाल्ला. वाईट नव्हता. अजून एक मागितला.

स्वतः एक तोंडात टाकला आणि त्यांना ठसका लागला. मिरची मेधाने वाटलेली, सांगलीची. डोळ्यांत पाणी आलं. मी फ्रिज उघडून माझी बाटली काढली.

"ते फसफसतं नको," त्या ठसकत म्हणाल्या. "साधं द्या."

मी नळाखाली ग्लास धरला. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि प्यायल्या. तीन घोटांत, मध्ये थांबत.